धुतलेला व्हायोला

धोंडुबाईंनी व्हायोला धुऊन गच्चीवर उन्हात वाळत घातला होता. शेजारी सोमेशचे शर्ट, गादीची खोळ आणि पायपुसणं.

"समदं घर धुऊन काढलं बघा वैनी," पदराला हात पुसत शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या. "सुतकाचं काय सुदीक ठिवलं न्हाई. त्या फिडलवर लई धूळ हुती. दोन पाण्यातनं काढलं."

पवित्रानं व्हायोला उचलला. सरस सुटून त्याची पाठ निखळली होती. आमच्यात सुतक पाळत नाहीत, एवढं एक वाक्य तिनं कालच बोलायला हवं होतं. पण सोमेश, तिचा नवरा, गेल्यापासून तिच्या तोंडून धड शब्द निघत नव्हता आणि डोळ्यांतून पाणीही. शेजारधर्म म्हणून आपल्या रीतीनं राबलेल्या बाईवर रागवायचं तरी कसं?

"बरं केलंसा," ती म्हणाली आणि दोघींचा चहा टाकायला खाली गेली.

सोमेश चित्रपट स्टुडिओच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचा. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा घोगऱ्या आवाजाचा थोरला भाऊ, पण कोल्हापुरात सगळं फिडलच, आणि सोमेशनंही लोकांना सुधारायचं कधीच सोडलं होतं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथला पियानो त्यानं राजारामपुरीतल्या घरी आणला. त्यावर पवित्रा मुलांना शिकवायची. जॅझच्या कॅसेटी झिजवून झिजवून त्यानं दोघांसाठी आयुष्यातली एकुलती एक रचना बांधली. त्यात पियानो नाकासमोर चालायचा. व्हायोला मागं रेंगाळायचा, मध्येच पुढं पळायचा.

"तुमचा ताल चुकतोय," पवित्रा वैतागायची.

"चुकवत न्हाई गं, चकवतोय," तो हसायचा.

वर्षभर भांडून त्यांनी ते बसवलं. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतरच्या रविवारी ते लोकांसमोर वाजायचं होतं. पियानो टेंपोतून आधीच हॉलवर गेला होता. त्याआधीच्या बुधवारी सोमेश दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं त्याला बसवून नेलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवताना स्वामींना त्याची बोटं मिटता येईनात. तारांनी टोकांना पडलेले घट्टे पवित्राला दिसले. तेव्हाही तिला काही वाटलं नाही. आपल्याला काहीच वाटत नाही, याची मात्र भीती वाटली.

व्हायोला धुतला त्याच संध्याकाळी कार्यक्रम भरवणारा कृष्णात आला.

"वैनी, रद्द करूया काय? न्हाईतर मिरजेचा एकजण हाय. व्हायोलिनवर ओढून न्हेईल."

"व्हायोलिनला ती खालची तार न्हाई. यांचं निम्मं तिथंच हाय."

"मग?"

"मी माझं वाजवते."

"एकटीच? आणि सुतक?"

"आमच्यात न्हाई."

पवित्राच्या मनात एवढंच होतं की आता नाही वाजलं, तर सोमेशनं असं काही केलं होतं हे कुणाला कळायचंच नाही.

रविवारी हॉल भरला. निम्मे ऐकायला आले होते, निम्मे तिला बघायला. धोंडुबाई पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन. पवित्रानं सुरुवात केली. व्हायोलाच्या जागा तिनं मोकळ्या सोडल्या. तो नसताना तिची चाल अगदीच बावळट वाटत होती, मोकळ्या घरात कुणी नुसतंच फिरावं तशी. लोक चुळबुळू लागले. मग तो भाग आला जिथं व्हायोला एकटाच वाजायचा. तिनं हात मांडीवर ठेवले.

बराच वेळ काही वाजेना, तेव्हा मागून कुणीतरी कुजबुजलं, "इसरली बिचारी." तिची लाज राखावी म्हणून एकानं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या हॉलनं त्या उचलून धरल्या. कृष्णात फुलांचा गुच्छ घेऊन लगबगीनं मंचावर आला.

तेव्हा कुठं पवित्राला रडू आलं. ते आवरून, मान वर न करता ती म्हणाली, "थांबा जरा. यांचं व्हायचंय अजून."

कृष्णात थांबला. टाळ्या विरत गेल्या. गुच्छ कुठं ठेवावा हे त्याला सुचेना. व्हायोलावाल्यानं जिथं उभं राहायचं नेमकं तिथंच आपण उभे आहोत, हे ध्यानात आल्यावर तो पाऊलभर बाजूला सरकला आणि गुच्छ छातीशी धरून, मान खाली घालून उभा राहिला.