भाईदासची पाळी

झुंबरबाईनं केळीचे पाच बुंधे वाळल्या सोपटाच्या दोरीनं आवळून बांधले आणि गुडघाभर पाटात ढकलले. तराफा डुलला, बुडाला नाही. पाठीशी बांधलेली मुलगी पाणी पाहून खिदळली. मग झुंबरबाईनं पहिला घड पानांवर हलकेच निजवला.

"येडी व्हयनी का, झुंबर?" पाण्याच्या पाळ्या लावणारा पाटकरी निंबानाना बांधावरून ओरडला. "पाटनं पाणी पिकले शे, मालले नही!"

"बैल लंगडा शे, नाना. घरधनी तापमा पडेल शेतस. टेसनवर दिल्लीना डबा चार वाजता लागस, नि घड तर कापाई गयात."

"रूळवर माल चढना का सरळ दिल्ली. पाटनं तसं नही, माय. जो दारं फोडस, त्याकडे वळस."

"मग रूळ मन्हा मळामा आणा. तवलग हाऊ पाटच मन्ही आगगाडी."

नाना हसला, मग पाटाच्या पुढच्या वळणाकडे बोट दाखवलं. "आज पाळी भाईदासनी शे."

झुंबरबाईचा हात घडावर थबकला. पाळीच्या दिवशी पाळीवाला बांधातलं दारं फोडायचा आणि सगळं पाणी त्या एकाच शेतात वळायचं. पुढचा पाट कोरडा. पाण्याबरोबर लाकूड येवो की भोपळा, ते पाळीवाल्याचं, ही गावाची जुनी रीत. माल उतरवायचा ती स्टेशनजवळची मोरी नेमकी भाईदासच्या शेतापलीकडे. आणि बांधाच्या भांडणापासून दोन वर्षं तिचा नवरा नि भाईदास एकमेकांची सावलीही टाळत होते.

तिनं उरलेले घड चढवले.

"पुढे जाईसन त्यासले सांगा, नाना. मी येस."

"आनि त्यानी माल धरी लिधा तं?"

"मांगसू. नही दिधा तं बठ्ठा गावदेखत मांगसू."

नाना पुढे गेला. ती बांबूनं तराफा सारत काठाकाठानं चालली. गाडीसारखे हिसके नाहीत. एकही केळ दुखावलं नाही. भाईदासचा ऊस दिसला तसा तिनं पदर खोचला आणि शेतात वळणारा तराफा धरायला पाण्यात पाय टाकला.

तराफा वळलाच नाही. तसाच सरळ मोरीकडे निघाला.

भाईदासच्या शेताचं दारं चिखलानं गच्च लिंपलेलं होतं. चिखल ओला, बोटांच्या खुणा ताज्या. आत उसाची पानं पिवळी पडून लोंबत होती. त्याची पुढची पाळी पंधरा दिवसांनी.

"भाऊजी..."

पाठमोऱ्या भाईदासनं दारावर आणखी एक फावडं चिखल थापला.

"गाडी चुकी जाई," तो उसाकडे पाहत म्हणाला.