हलकी चाकं

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी उभं राहून ऐकायची ही गोष्ट नाही. चार चाकांची आणि एका चढाची गोष्ट; लहानशीच आहे, पण पोटात ठेवून मला झोप यायची नाही.

टायरच्या दुकानापुढे अण्णांच्या धाकट्या मुलाने पान्यावर पाय दिला. नट हलला नाही. त्याने अंगाचा सगळा भार टाकून पुन्हा पाय दिला, तशी टाच निसटली आणि नडगी सोलली. तो खाली बघत राहिला. रक्त आलं होतं, पण दुसऱ्या कुणाच्या तरी पायातून आल्यासारखं.

“अहो भाऊ, नट आहे तो, वैरी नाही,” टायरवाला म्हणाला. “सरका बघू.”

टायरवाल्याला सगळा रस्ता हवालदार म्हणे. पोलिसांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. उभा जन्म लोकांच्या चाकांत हवा भरण्यात गेला, म्हणून हवालदार. एरवी तो बोलायला लागला की कंप्रेसरनेही गप्प बसावं. आज मात्र त्याने मुकाट्याने एकेक नट सोडवला आणि चाक ओढलं. काळं, चकचकीत, रुंद चाक धप्पकन जमिनीवर आलं.

“तेव्हाच म्हटलं होतं मी...” तो सवयीने बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

“काय म्हटलं होतं?” धाकट्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. स्टँडवर बसची वेळ विचारावी तसं विचारलं.

“जाऊ द्या हो.”

“नाही, सांगा.”

“हेच की, दिसेल राजासारखी आणि चालेल हत्तीसारखी.” हवालदाराने जुनं चाक एका हाताने उचललं. जिन्याखाली कुंड्या ठेवायला वापरलेली ती चाकं धाकट्यानेच सकाळी धुऊन आणली होती. “बघा, डिकीत पोतं टाकलं तर गाडीला ते नुसतं ओढावं लागतं. तेच वजन चाकात असलं की ओढायचंही आणि गरागरा फिरवायचंही. त्यातून चाक मोठं, म्हणजे दर फेऱ्याला लांब ढांग टाकायची. सपाटीला खपून जातं. चढाला इंजिनाच्या तोंडाला फेस येतो.”

“चढाला किती फरक पडतो?”

“आता असं कसं सांगू? माणसं किती, चढ कसला...”

“दोघं मागे. पुढे मी एकटा. इस्पितळाचा चढ.”

हवालदाराने खाली वाकून जॅकचा दांडा उगीच दोनदा हलवला.

काय बोलणार? सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. एका दुपारी आईच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्सला वेळ लागेल म्हणाले, म्हणून धाकट्याने तिला स्वतःच्या गाडीत घातलं. मागे अण्णांच्या मांडीवर तिचं डोकं. इस्पितळ टेकडीवर. चढ लागला तशी गाडी मरगळली. तिसऱ्या गिअरचा दुसरा केला. वळणावर तर पहिला टाकावा लागला, आणि तो पुढे वाकून स्टिअरिंगच ढकलत होता, जणू त्याने गाडी चढणार होती. वर डॉक्टरांनी नळी कानातून काढली. “थोडं आधी आणलं असतं तर...” एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले. त्यांनी हात पुसले, दुसरा पेशंट बघितला. ते अर्धं वाक्य मात्र धाकट्याच्या घरी राहायला आलं.

तेव्हापासून तो रडला नव्हता. वाढलं की जेवायचा, सांगितलं की आंघोळ करायचा. लोक भेटायला येत, त्यांच्या चपला तोच ओळीने लावून ठेवायचा. बहीण म्हणाली, “अरे, दगड झालास का?” त्यावर तो “हो” म्हणाला, आणि तिला चहा हवा का म्हणून विचारलं.

ती मोठी चाकं त्याने हौसेने बसवली होती. आईनेच गाडीभोवती फेरी मारून म्हटलं होतं, “अगोबाई, काय हा रुबाब! आता मला फिरवून आण.”

जुनी चाकं बसली. धाकट्याने मागचं दार उघडलं आणि रेतीची दोन पोती सीटवर चढवली. एक आईच्या वजनाचं, एक अण्णांच्या. त्याच वजनाने, त्याच चढावर, जुन्या चाकांनी जाऊन बघायचं होतं. हवालदाराने डोक्याला हात लावला, पण अडवलं नाही.

तेवढ्यात अण्णा आले. कुणी कळवलं देव जाणे. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. तोंडात टाचण्या धरून धरून बोलायची सवयच मोडलेली. त्यांनी दारातून आत वाकून पोती पाहिली. नजरेने माप घेतलं.

“हे आईचं?”

“हो.”

“एवढी जड नव्हती ती.” त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळीने थोडी रेती बाहेर काढली, पुन्हा गाठ मारली. “आणि हे मी होय? काढ ते. मी जिवंत आहे अजून. मी बसतो.”

धाकट्याने पोतं उतरवलं. अण्णा आत शिरले, दुसऱ्या पोत्याला खेटून बसले.

गाडी निघाली. बाजार गेला, पूल आला, पूल गेला. पलीकडे चढ सुरू झाला. धाकट्याने तिसरा टाकला आणि वाट बघत राहिला, की आता गाडी धापा टाकेल. गाडीने धाप टाकली नाही. वळण आलं. त्याचा हात गिअरवर गेला आणि तसाच राहिला. गाडी तिसऱ्यातच वळली, आणि जिना ओळखीचा असावा तशी वर चढून गेली.

इस्पितळाच्या फाटकाशी त्याने ती कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

“तिसऱ्यात चढली,” तो म्हणाला.

“हं.”

“त्या दिवशी पहिला टाकला होता.”

“हं.”

“म्हणजे पोचलो असतो, अण्णा.”

फाटकावरच्या रखवालदाराने गाडी पुढे घ्या म्हणून हात केला. मग मागच्या सीटवरचं पोतं आणि म्हातारा पाहून काय वाटलं कोण जाणे, त्याने तोंड फिरवलं.

“पुलापाशीच गेली ती,” अण्णा म्हणाले.

धाकटा हलला नाही.

“चढ लागायच्या आधी. माझ्या हातात होता ना हात तिचा. कळतं.”

“तुम्ही तर वळणावरसुद्धा म्हणत होतात, ‘आहे, आहे, तुझ्याकडेच बघतेय, सावकाश घे’...”

“तुझे हात स्टिअरिंगवर होते. तेव्हा काय सांगायचं होतं तुला?”

“पुलावर? नक्की?”

“पुलाच्या अलीकडे,” अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, “पुलावरच.”

धाकट्याने आरशात पाहिलं. अण्णा समोरच्या काचेतून लांब कुठेतरी बघत होते. त्यांची बोटं पोत्याच्या शिवणीवरून चालली होती, टाका टाका चाचपत. शिंप्याच्या धंद्यात ‘परवा या, तयार ठेवतो’ याखेरीज दुसरं खोटं त्यांना कधी बोलावं लागलं नव्हतं, आणि तेही त्यांना धड जमत नसे. गिऱ्हाइकाला तोंड बघूनच कळायचं.

धाकट्याने पुढे काही विचारायला तोंड उघडलं. मग मिटलं. ब्रेकवरचा त्याचा पाय थरथरायला लागला. त्याने तो दाबून धरला, तशी थरथर गुडघ्यात आली, मग खांद्यात. सोललेली नडगी आत्ता कुठे झोंबायला लागली.

“रड बाळा,” मागून अण्णा म्हणाले. “गाडी उभी आहे.”

बाबांनो, एवढीच गोष्ट. तुमच्याही वाटेत कधी चढ लागेल, हात गुंतलेले असतील, आणि मागून कुणीतरी ‘सावकाश घे’ म्हणत असेल. तेव्हा घडीभर त्या शिंप्याची आठवण ठेवा.