माझी आई, स्त्रीलिंगी

टेबल बाई कसं काय, यावर फ्रेंचच्या वर्गातला माईंचा पहिला आठवडा गेला.

"आमच्यात खुर्ची ती, पलंग तो आणि टेबल ते. फ्रेंचांना 'ते' परवडत नाही का?"

"कारण विचारू नका हो माई, पाठ करा," शिकवणारी पोर म्हणायची.

माई चडफडत पाठ करायच्या. लेकीचं नोंदणी करून लग्न झालं होतं, आणि फ्रेंच बोलणारी जावयाची आई रविवारी पहिल्यांदाच घरी येणार होती.

मग नाती आली. मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्यांना मिळून एकच शब्द.

"आणि विहीण?"

"त्याला शब्दच नाही."

"म्हणजे त्या बाईला मी हाक काय मारू, शुक शुक?"

वर्ग हसला. फळ्यावर पुढचा शब्द आला, 'बेल-मेर'. "म्हणजे सासू. शब्दशः सुंदर आई. सावत्र आईलाही हाच शब्द."

माईंची पेन्सिल थांबली.

माई दुसरेपणावर त्या घरात आल्या तेव्हा ही लेक बोबडं बोलत होती. केस विंचरू द्यायची नाही, कपाटामागे जाऊन बसायची. शेजारणी कौतुकसुद्धा करायच्या ते "सावत्र असून किती करते" असं. तो शब्द पुसला जायला पोरीचं सगळं बालपण लागलं होतं.

"दुसरा शब्द सांग."

"नाहीये हो, माई."

"एवढी मिरवता ती भाषा, आणि एक शब्द जास्तीचा नाही तिच्यात!" माईंनी दप्तर आवळलं.

रविवारी विहीणबाई आल्या. जावयाने माईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि कौतुकाने म्हणाला, "मा बेल-मेर."

माईंनी हातातला पाण्याचा पेला खाली आपटला, अर्धं पाणी सांडलं.

"नों! पा बेल-मेर. मेर!" सावत्र नाही, आई, असं माईंनी ठणकावलं.

लेकीने कपाळाला हात लावला. "आई, अगं, तू त्याची सासू ना? तेच म्हणाला तो."

"म्हणजे... यांना ठाऊक नव्हतं?"

"मी कशाला सांगू? सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

माईंना स्वतःची जीभ चावावीशी वाटली. इतकी वर्षं झाकून गेलेलं त्यांनी स्वतःच भर बैठकीत उकरलं होतं, आणि तेही व्याकरणशुद्ध. विहीणबाई गोंधळून लेकाकडे, मग सुनेकडे बघत होत्या. त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. माईंना त्यातलं 'मेर' तेवढं कळलं.

लेकीने एवढंच उत्तर दिलं, "से मा मेर."

माईंना अख्खं वाक्य कळलं. कुणाला न विचारता, पहिल्यांदाच. त्या पदराने सांडलेलं पाणी टिपत राहिल्या.

"हे 'मा' म्हणजे 'माझी' ना?" शेवटी त्या घुश्शातच म्हणाल्या. "आई स्त्रीलिंगी म्हणून?"

"हो, आई."

"बरं. एवढं तरी धड आहे मेल्या भाषेत."