आजोबांचा जबडा

ओढा ओलांडताना आम्ही कलिंग जमातीची डोंगरी माणसं आधी हाक देतो, "आजोबा, वाट द्या, तुमचीच लेकरं." आजोबा म्हणजे शेपटीचं टोक तुटलेली थोरली मगर. आमचे पूर्वज मगरीच्या रूपानं पाण्यात राहतात. म्हणून तर आमच्या या सिएरा माद्रे डोंगररांगेत इतर ठिकाणच्या मगरी लोकांनी मारून संपवल्या, तरी आमच्या ओढ्यातल्या जगल्या.

माझ्या नवऱ्याचा, गुमादचा, मात्र आजोबांवर राग. गेल्या पुरात त्यांनी आमचं डुकराचं पिल्लू गट्ट केलं. तेव्हापासून हा मेला भाल्याशिवाय मक्याच्या शेतात जाईना.

"पूर्वज म्हणे! घरचीच डुकरं चोरतात होय पूर्वज?"

"तुझे बाबा काय कमी खायचे?" मी म्हणायची.

त्या सकाळी शेताकडे निघालो, तर काठावरच्या बांबूच्या पाचोळ्यातून चिरचिर ऐकू आली. आजोबा पाण्यातून वर आले आणि पंजांनी तो ढीग उकरू लागले. आत अंडी, आणि वीतभर पिल्लं! आजोबांनी एक तोंडात घेतलं. मग दुसरं. जबडा मिटला.

"बघितलंस? पोरं खातोय!" गुमाद ओरडला. "पोरं खाणारा कुणाचा पूर्वज नसतो. आता गावही मला अडवणार नाही."

खरंच नसतं अडवलं. त्यानं भाला उचलला, तशी मी त्याच्या दंडाला लोंबकळले. "अरे, निदान हाक तरी दे! न सांगता वार करतोस?"

कितीही तापट असला तरी कलिंगच तो. थांबला, घसा खाकरला. "आजोबा, मी गुमाद. तुम्हाला मारायला आलोय."

आजोबा ढळले नाहीत. सावकाश उथळ पाण्यात उतरले, मान खाली केली आणि जबडा उघडला. पिल्लं पोहत बाहेर आली, अंगावर ओरखडासुद्धा नाही! मग परत येऊन त्यांनी एक अंडं दातांत धरलं. डुकराची हाडं फोडणारे ते दात, अंडं नुसतं हलकेच दाबलं. कवच तडकलं आणि आतलं पिल्लू जिभेवर चिरचिरलं.

"अगं बाई!" मी म्हणाले. "आजोबा कसले, आजी आहे ही!"

गुमाद मटकन खाली बसला. भाला बाजूला ठेवला, कमरेची शिदोरी सोडली आणि तांदळाची वडी पानावर ठेवून काठाकडे सरकवली.

"खा आजी," तो म्हणाला. "बाळंतीण आहेस. डुकराचं जाऊ दे."

माझ्या बाळंतपणात या बाबानं साधी पेज केली नव्हती. पण ते भांडण मी घरी गेल्यावरसाठी ठेवलं. आजीच्या तोंडात अजून एक पिल्लू होतं.