स्वस्त बाजूचा बाक

मी एका फुटबॉल मैदानावरचा जुना लाकडी बाक आहे. खरं तर आता बाक म्हणवून घ्यावं एवढं माझ्यात काही उरलेलं नाही. माझा हातभर तुकडा तेवढा एका रंगाच्या दुकानात भिंतीवर टांगलेला आहे. पण मित्रांनो, लाकूड कापलं तरी ऐकलेलं विसरत नाही. मी काय काय ऐकलं ते तुम्हाला सांगणार आहे. ऐकताना किळस आली तर येऊ द्या. मला अजून येते.

माझा जन्म एका पाडलेल्या गोदामातला. तिथल्या जमिनीच्या जाड फळ्यांतली एक फळी सुताराने उचलली, तिला रंधा मारला, कडा गोल केल्या आणि लोखंडी पायांवर बसवली. सुतार भारी चिकट माणूस. हात फिरवून बघायचा आणि पुन्हा रंधा घ्यायचा. मुकादम वैतागून म्हणाला, "अरे, पूर्वेच्या बाजूला जायचाय तो. तिथं काय राजेरजवाडे बसणार आहेत?"

सुतार म्हणाला, "मांडी सगळ्यांची सारखीच असते." आणि त्याने आणखी एक हात फिरवला.

पूर्वेची बाजू म्हणजे स्वस्त बाजू. वर छप्पर नाही, दुपारभर ऊन डोळ्यांत. समोर पश्चिमेला छपराखाली गादीच्या खुर्च्या आणि त्यांच्याही वर क्लबच्या मालकाची काचेची खोली. पण आमच्याकडून मैदानाची डावी कड अशी जवळ दिसायची की खेळाडूचा श्वास ऐकू यावा. लोक मला थोपटून म्हणायचे, "जागा असावी तर अशी." माझी छाती फुगायची. ती वर्षं चांगली होती.

माझ्यावर दोघे मित्र नेमाने बसायचे. एकाचं रंगाचं दुकान होतं. त्याचा आवाज एवढा मोठा की सगळे त्याला भोंगाच म्हणत. दुसरा एका दवाखान्यात कंपाउंडर होता. तो शांत माणूस. शेंगा सोलून अर्ध्या भोंग्याच्या हातावर ठेवायचा आणि तो ओरडून थकला की मगच बोलायचा.

त्यांचे वाद ऐकत मी म्हातारा झालो. मॅनेजरचा करार वाढवावा की मोडावा, कुठला खेळाडू किती किमतीचा, तिकिटाचा पैसा कुणाच्या घशात जातो, हे विषय कधी संपायचेच नाहीत. संघ जिंकला की भोंगा म्हणायचा, "याला मॅनेजर म्हणतात. जन्मभराचा करार द्या त्याला." ओळीने दोनचार सामने हरला की म्हणायचा, "हाकला. कुणी दिला या दगडाला करार?"

"तूच मागत होतास त्याच्यासाठी," कंपाउंडर म्हणायचा.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

तोपर्यंत मलाही हसू यायचं. पुढे पुढे येईनासं झालं.

एका मोसमात संघात डाव्या बाजूने धावणारा एक नवा खेळाडू आला. तो असा सुटायचा की लोकांनी त्याचं नाव वारा ठेवलं. त्याच मोसमात माझ्या कडेला एक बाई येऊन बसू लागली. ती शिवणकाम करायची; पदरात कधी टाचणी राहिलेली असायची, कधी दोऱ्याचा तुकडा. दोघे मित्र तिला मावशी म्हणू लागले. ती कमी बोलायची. पण वाऱ्याच्या पायात चेंडू आला की ती माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरायची, आणि तो पडला की तिची नखं माझ्यात रुतायची. ती कोण आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. माणसांना कळलं नाही, कारण ती मैदानाकडे बघत होती आणि माणसं एकमेकांना आपली मतं ऐकवत होती.

दोन मोसम वारा सगळ्यांच्या डोक्यावर होता. क्लबने त्याला मोठा करार दिला. मग त्याचा गुडघा दुखावला. तो परत आला, पण आता वळताना अडखळायचा. आणि भोंग्याने त्याचा भाव करायला सुरुवात केली.

"आत्ताच विकला तर चार पैसे येतील. पुढच्या वर्षी भंगारवालाही हात लावणार नाही."

"माणूस आहे तो," मावशी म्हणाली.

"मावशी, हा धंदा आहे. तुम्ही मशीन जुनं झालं की बदलता ना? तसंच."

भोंगा पुढे बराच वेळ हिशेब मांडत राहिला. गुडघा चांगला असता तर किती, वय कमी असतं तर किती. बाजारात बैलाचे दात बघतात ना मित्रांनो, तसं. आणि ज्या आईने ते दात येताना रात्र रात्र जागून काढली होती, ती वीतभर अंतरावर बसली होती.

मग क्लबने तिकिटाचे दर जवळजवळ दुप्पट केले. पूर्वेची बाजू पेटून उठली. भोंगा माझ्यावर उभा राहिला, बुटांसकट, आणि गरजला, "आम्ही काय यांच्या पैशाच्या थैल्या आहोत? आम्ही माणसं आहोत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या. पुढच्या सामन्याला अख्खी बाजू रिकामी ठेवायची असं ठरलं आणि मालकाशी बोलायला भोंग्याला पाठवलं.

तो काचेच्या खोलीत जाऊन आला आणि त्याचा सूर बदलला. "बाजू रिकामी ठेवून नुकसान आपलंच आहे," तो सांगू लागला. "मालकांचाही नाइलाज आहे. दर का वाढले? त्या वाऱ्याच्या करारामुळे. लंगड्या घोड्याला एवढा खुराक घालायचा तर पैसा कुठून येणार? तो गेला की दर उतरतील."

लोकांना हे पटलं. समोर काचेआड बसलेल्या माणसावर ओरडण्यापेक्षा हाकेच्या अंतरावर धावणाऱ्यावर ओरडणं सोपं असतं.

पुढच्या सामन्याला बाजू खचाखच भरली. वारा मैदानात उतरला तसा भोंग्याने सुरू केलं, "विका, विका." मागच्या रांगांनी ते उचललं. थोड्या वेळाने सगळी बाजू एका तालात पाय आपटत ओरडू लागली. बापांच्या खांद्यावरची लेकरंसुद्धा ओरडत होती. कंपाउंडरही ओरडला. त्याच्या पायांचा ठोका मला ओळखू येत होता.

वारा कडेला आला, वळला आणि गुडघा धरून खाली बसला. बाजूने जल्लोष केला. मित्रांनो, माझ्यावर लोक थुंकलेत, पाऊस साचलाय, कुत्री झोपलीत. पण एवढी घाण वाटलेली मला आठवत नाही.

मावशी उठली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण आमच्या रांगेत गेला.

"तो माझा मुलगा आहे," ती म्हणाली. "गुडघा बधिर करायचं इंजेक्शन देऊन उतरवलाय आज. मॅनेजर नको म्हणत होते. वरून निरोप आला, त्याला खेळवा."

आमच्या रांगेतले पाय आपटायचे थांबले. मला वाटलं, आता तरी भोंगा खाली बघेल. त्याने एकदा आजूबाजूला पाहिलं, लोक आपल्याकडेच बघतायत हे ताडलं आणि म्हणाला, "मग मावशी, घरी सांगा ना त्याला, पगार कमी घे म्हणावं."

काही लोक हसले. मोठ्याने हसले.

कंपाउंडर हसला नाही. दवाखान्यात त्याने अशी इंजेक्शनं भरून दिलेली होती. बधिर केलेल्या सांध्यावर धावलं की काय होतं ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने हातातल्या शेंगा खाली टाकल्या. "चला मावशी," तो म्हणाला, "मी येतो तुमच्यासोबत. खेळाडूंच्या दाराशी जाऊ." तिला वाट करून देत तो पायऱ्या उतरला. त्यानंतर तो माझ्यावर कधी बसला नाही.

वाऱ्याला कवडीमोलाने विकलं. मॅनेजरचा करार मोडला. दर मात्र उतरले नाहीत, आणखी चढले. मोसम संपल्यावर पूर्वेला छप्पर आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, आणि रंगकामाचे डबे उतरले तेव्हा प्रत्येक डब्यावर भोंग्याच्या दुकानाची चिठ्ठी होती. काचेच्या खोलीत काय ठरलं होतं ते मला तेव्हा कळलं. भोंगा आता सामने तिथूनच बघतो म्हणे.

आम्हा बाकांना उखडून करवतीखाली घातलं. तुकड्यांना पितळेची पट्टी ठोकली, 'निष्ठावंतांची आठवण' म्हणून, आणि ज्यांना तिकीट परवडेनासं झालं होतं त्यांनाच ते विकायला काढले. लोक रांग लावून आले. किंमत ऐकून चिडले, क्लबला शिव्या दिल्या, आणि घेऊन गेले. भोंग्याला त्याचा तुकडा भेट मिळाला. तो मी.

मागच्या आठवड्यात कंपाउंडर दुकानात आला. भोंगा गावाबाहेर गेलाय असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं, कारण तो गल्ल्यावर दिसताच कंपाउंडर दारातच थबकला. मग दवाखान्याच्या भिंतीसाठी त्याने पांढरा रंग मागितला.

भोंगा खूष झाला. "बघ, आपला बाक. काय दिवस होते. आणि तो वारा! आपण डोक्यावर घेतला होता रे त्याला."

"चालतो आता," कंपाउंडर म्हणाला. "ऑपरेशन झालं. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. त्याच्या आईच्या शेजारीच दुकान घेतलंय, कापडाचं."

"कुणाच्या आईच्या?"

"वाऱ्याच्या. आपल्या मावशीच्या शेजारी."

"कोण मावशी?" भोंग्याने विचारलं.

तो नाटक करत नव्हता मित्रांनो. त्याला खरंच आठवत नव्हतं. कंपाउंडरने त्याच्याकडे बघितलं, रंगाचा डबा परत फळीवर ठेवला आणि निघून गेला.

जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मी तर जपला गेलोय. रोज फडक्याने पुसतात मला. तुम्ही मैदानावर जाल तेव्हा माणसाचा भाव करू नका, एवढंच मागतो. आणि ओरडायचंच असेल, तर काचेच्या खोलीकडे तोंड करून ओरडा.