कापडाची कात्री

साटीनच्या कापडावर खडूने आखलेल्या रेषेवरून कात्री चालवता चालवता टेलरबाई मधेच थांबली. कात्रीने कापड कापलं नव्हतं, चावलं होतं. रेषेच्या कडेला बारीक धागे निघून उभे राहिले होते. तिने पात्यांवरून बोट फिरवलं, उजेडाकडे धरून पाहिलं, मग कानाशी नेऊन दोनदा उघडमीट केली. एरवी एका दमात मिटणारी कात्री आज मधेच खरखरली.

"हिने कुणीतरी कागद कापलाय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मनात शंकेची पाल चुकचुकली.

ज्यांना शिवणकाम येत नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. पण कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. टेलरबाई ज्या मास्तरांकडे शिकली ते म्हणत, "कात्रीला एकदा कागदाची चटक लागली की ती कापडाशी संसार करत नाही." लग्न होऊन या घरात आली त्या आठवड्यात तिने नवऱ्याला दोन गोष्टी बजावल्या होत्या. माझ्या चहात साखर कमी, आणि माझ्या कात्रीला हात नाही. साखरेचं तो अजून विसरतो, कात्रीचं कधी विसरला नाही.

मग कोण? घर दोन खोल्यांचं आणि एका स्वयंपाकघराचं. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, कपड्यांची दांडी. मागच्या खोलीत सासूबाई आणि दोन पोरं. थोरली चिमणी पाच वर्षांची, धाकटा ढब्बू तिनाचा. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक, तो सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. दुपारी टेलरबाई मापं घ्यायला गिऱ्हाइकांकडे जाते आणि आजी-नातवंडं मागच्या खोलीत कागदाची खेळणी करत बसतात. जुनी वर्तमानपत्रं, खोक्यांचे पुठ्ठे, कणकेची खळ. होड्या, पंखे, भिंगऱ्या, हातात हात धरून उभ्या राहिलेल्या बाहुल्यांची माळ. भिंतीवर आता जागा उरली नव्हती म्हणून पक्षी दाराच्या मागे लटकू लागले होते.

टेलरबाईने दारामागचा एक पक्षी काढला आणि त्याच्या पंखाची कड पाहिली. लांब, सलग, एका दमात कापलेली. मुलांना तिने गोल टोकाची प्लास्टिकची कात्री आणून दिली होती. ती कात्री पुठ्ठा असा कापते? कापेल, डोंबल!

"चिमणे, हा पक्षी कुणी कापला?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

चिमणीने ढब्बूकडे पाहिलं, ढब्बूने आजीकडे, आणि आजीने खिडकीबाहेर. अळीमिळी गुपचिळी. टेलरबाईला कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

एकदा संशय घरात शिरला की तो पाहुण्यासारखा ओसरीवर बसत नाही, थेट स्वयंपाकघरात जातो. टेलरबाईला जुनी बोलणी आठवू लागली. चार वर्षांपूर्वी तिने पुढच्या खोलीत मशीन मांडलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "घरात घर असावं बाई, दुकान कशाला?" तेव्हा ती मूग गिळून गप्प बसली होती. आता तेच वाक्य तिला नव्याने ऐकू आलं. म्हणजे हे जाणूनबुजून चाललंय का? कात्री बिघडवली की काम बिघडेल, काम बिघडलं की गिऱ्हाईक जाईल, गिऱ्हाईक गेलं की मशीन कोपऱ्यात जाईल. ती नवऱ्याशी बोलली तर तो हसला. "आई? अगं, तिला एवढं राजकारण येत असतं तर ती माझ्या बापाशी चाळीस वर्षं नांदली असती का?"

"तुम्ही हसा. पण परत असं झालं ना, तर पोरं पाळणाघरात. मी सांगून ठेवते."

हे ती सासूबाईंना ऐकू जाईल अशाच बेताने म्हणाली. पलीकडे भांड्याचा आवाज झाला आणि थांबला.

मग ती पाळत ठेवू लागली, आणि पाळत ठेवणाऱ्याला काही ना काही सापडतंच. ती अवचित मागच्या खोलीत डोकवायची तर तिघं एकदम गप्प व्हायची. एकदा तर ढब्बूचं तोंड आजीच्या मुठीला लागलेलं होतं. आईला पाहताच त्याने तोंड काढलं आणि आजीने हात पदराखाली घेतला.

"अहो आई, काय भरवताय त्याला? गोळ्या देऊ नका म्हटलंय ना मी? दात किडतात."

"काही नाही गं. गोळी कुठली?"

ढब्बूने न विचारता आ करून रिकामं तोंड दाखवलं. गिळली असेल, असं टेलरबाईने मनात नोंदवलं.

कात्रीला धार लावून आणली आणि तिने सापळा रचला. निळा खडू कुटून त्याची पूड कात्रीच्या मुठीच्या आतल्या बाजूला चोळली. मूठ काळी, त्यामुळे दिसायला काही नाही, पण हात लावणाऱ्याची बोटं बोलणार. कात्री नेहमीसारखी खणात ठेवली, मुद्दाम मोठ्याने "मी येते हो जाऊन" म्हणाली आणि गेली.

परत आली तेव्हा खोलीत एक नवा कागदी मोर उभा होता आणि त्याच्या पिसाऱ्यावर निळे ठसे होते. चिमणीची बोटं निळी. ढब्बूची बोटं निळी, शिवाय ओठही निळे. आणि सासूबाईंच्या उजव्या तळव्यावर, अंगठ्याखाली, निळा पट्टा. रंगेहाथ म्हणतात ते असं.

"मीच घेतली," टेलरबाईने तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या. "पोरांना काही बोलू नकोस."

"पण का? तुम्हाला माहीत नाही का? एवढी प्लास्टिकची कात्री आणून दिलीय, ती काय शोभेला आहे?"

सासूबाईंनी रडायला हवं होतं, भांडायला हवं होतं, निदान 'चुकलं' तरी म्हणायला हवं होतं. त्या नुसत्या तळवा पदराला पुसत राहिल्या. त्या पुसण्याने टेलरबाई जास्तच भडकली.

"येत्या सोमवारपासून मुलं पाळणाघरात जातील. तुम्हालाही आराम."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि मोर उचलून कपाटावर ठेवायला गेल्या. मोर त्यांच्या हातातून पडला. चिमणीने तो उचलून वर ठेवला आणि आईकडे अशा नजरेने पाहिलं की टेलरबाईने चहाचं आधण ठेवायला जायचं निमित्त काढलं.

दुसऱ्या दिवसापासून खणाला कुलूप लागलं. त्याच दुपारी टेलरबाई मापं घ्यायला निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि टेप विसरल्याचं लक्षात आलं. परत येताना बोळातल्या खिडकीतून मागची खोली दिसली. तिची पावलं आपोआप हळू झाली, कारण एव्हाना चोरून पाहायची सवय लागली होती.

तिघं जमिनीवर बसली होती. चिमणीच्या हातात प्लास्टिकची कात्री होती आणि ती आजीचा अंगठा तिच्या भोकात घालायचा प्रयत्न करत होती. अंगठा पेरापर्यंत गेला आणि अडकला. बोटांचे सांधे एवढे सुजलेले, की बोटं आपल्याच वाटेने वाकडी गेलेली.

"दुखलं आजी?"

"नाही गं."

"आईच्या कात्रीत कशी सगळी बोटं जातात! नुसतं वरून दाबलं की झालं."

"ती आता नको. आपण फाडू या. फाडूनसुद्धा छान होतं."

आजीने कागद घेतला, दोन तळव्यांत धरला आणि ओढला. पक्ष्याचं शेपूट मधूनच फाटलं. ढब्बू म्हणाला, "मेला." आणि तिघंही हसली. आजी सगळ्यांत शेवटी हसली.

टेलरबाई खिडकीखाली उभीच राहिली. गल्लीतल्या कुठल्या बाईचा कोणता खांदा उतरता आहे हे तिला पाठ होतं. कुणी कंबर लपवायला श्वास ओढून धरते, कुणाचा एक हात दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे, सगळं पाठ. आणि घरातल्या बाईचे हात तिने पाहिले नव्हते. सासूबाई कप दोन्ही हातांनी धरतात, डब्याची झाकणं चिमणीला उघडायला लावतात, ती पाहत होती आणि म्हातारपणी लाड करून घेतायत म्हणत होती. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. टेप न घेताच ती परत फिरली.

संध्याकाळी तिने जुनी पेटी उपसली. मास्तरांकडे शिकताना घेतलेली पहिली कात्री तळाशी होती, पाती झिजून बारीक झालेली, मूठ मात्र मोठी. ती धारवाल्याकडून आणली, मुठीला आतून मऊ फ्लॅनेलची पट्टी गुंडाळून शिवली, आणि सकाळी कुणी उठायच्या आत मुलांच्या कागदाच्या खोक्यावर ठेवून दिली. बोलायचं काय, ते तिला सुचत नव्हतं. तिला वाटलं, कात्रीच बोलेल.

दुपारी ती मशीनवर बसली असताना सासूबाई पुढच्या खोलीत आल्या. दोन्ही हातांत फडकं होतं आणि फडक्यात ती कात्री. त्यांनी ती टेबलाच्या कडेला ठेवली, आणि फडकं काढून घेतलं.

"तुझी कात्री आत राहिली होती बघ. मी हात लावला नाही हं. फडक्यातच धरून आणली."

आणि त्यांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले. स्वच्छ होते.

टेलरबाईचा पाय मशीनवरून सरकला. तिने रचलेला सापळा अजून तसाच होता, फक्त आता त्यात तीच अडकली होती. तिने मऊ पट्टी शिवली होती आणि या बाईला त्यात निळी पूड दिसली होती.

"अहो आई, ती तुमच्यासाठी ठेवली होती," ती म्हणाली. "काल मी खिडकीतून पाहिलं. हाताचं मला सांगितलं का नाही?"

सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, ही खरं बोलतेय की नवं काही, याचा अंदाज घेत. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? यांच्या हातून वस्तू पडतात, उद्या पोरं पडतील. मग माझ्याकडे राहिलं काय?"

टेलरबाईला 'छे, असं कसं' म्हणता आलं नाही, कारण ती नेमकं तसंच म्हणाली असती.

"पाळणाघराला नाही म्हणून कळवते. आत्ताच," ती म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली, पण कात्रीकडे हात नेला नाही. तेव्हा टेलरबाईने कात्री उचलली, त्यांच्या मागोमाग आत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या कागदांच्या पसाऱ्यात मांडी घालून बसली. चिमणी सावध झाली. ढब्बूने आपली बोटं पाठीमागे लपवली.

"बसा ना," टेलरबाई म्हणाली. सासूबाई बसल्या. तिने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. हात गरम होता, जड होता, आणि मागे ओढला जात होता. तिने तो सोडला नाही. कात्रीची मूठ उघडली आणि चिमणीला विचारलं, "आधी अंगठा ना?"

चिमणीने आजीकडे पाहिलं. आजीने हलकेच मान डोलावली. तेवढ्यात ढब्बू गुडघ्यांवर रांगत पुढे आला, आईचा हात बाजूला सारला, आजीची सुजलेली मूठ दोन्ही हातांनी तोंडाशी नेली आणि गाल फुगवले.

"नाही आई," तो म्हणाला. "आधी फुंकर."