पिवळ्या दोऱ्याची बाटली

"ही बाटली कधीची आहे, मावशी?"

मुंगीची आई थेट दूधखोलीत आली होती. पाळणाघरात पालकांनी दारापर्यंतच यायचं, असा ते चालवणाऱ्या बाईंचा नियम होता. पण ती चपला काढून आत आली, ओट्यावर निथळत ठेवलेल्या बाटल्यांमधली एक उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. बाटलीच्या गळ्याला पिवळा दोरा होता. म्हणजे पाळणाघरानं मुंगीसाठी ठरवलेलीच.

"जुनी आहे, पण स्वच्छ आहे हो," मावशी म्हणाल्या. त्यांच्यासमोर पातेल्यात पाणी खदखदत होतं आणि उरलेल्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. "हात धुतलेत ना तुम्ही?"

"धुतलेत. ही अशी धुरकट का दिसतेय?"

"उकळून उकळून. रोज दोनदा उकळते मी. नुसतं गरम पाणी फिरवलं की झालं, असलं आपल्याकडे नाही."

आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. लहान मुलं, त्यांचे आईबाप, स्वतः बाई, सगळे त्यांना उकळमावशीच म्हणत. बाटल्या, त्यांची चोखायची बुचं, चमचे, लाळेरी, जे जे मुलांच्या तोंडाला लागेल ते ते पातेल्यात जाई. एवढ्या वर्षांत बाटलीच्या दुधानं मुलाचं पोट बिघडलं, अशी तक्रार घेऊन कुणी आलं नव्हतं.

मुंगीच्या आईनं बाटली उलटी केली. ती प्लास्टिकच्या वस्तू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच रुजू झाली होती. मुंगी दिवस भरायच्या आधीच जन्मलेली. नावाप्रमाणेच एवढीशी.

"तळाशी त्रिकोण आहे, आत सात. सातमध्ये पुष्कळ प्रकार येतात, पण ही काचेसारखी कडक जात मी ओळखते. बाळांच्या बाटल्यांना आता ही वापरत नाहीत, मावशी. हिच्यातून एक रसायन दुधात उतरतं. थोडंसंच, पण उतरतं. बाटली जुनी झाली, चरे पडले, की जास्त. आणि..."

ती थांबली. तिची नजर पातेल्यावर गेली होती. मग तिनं नजर चटकन काढून घेतली आणि पिशवी उघडली.

मावशींनी ते पाहिलं, पण विचारलं नाही.

"ही घ्या. हिच्या तळाशी पाच आहे. दुधी रंगाची, जरा दबते, पण त्या रसायनाची भीती नाही. आणि हे नळकांडं. याच्या आत ही पातळ पिशवी बसवायची, दूध पिशवीत ओतायचं. बाळ पितं तशी पिशवी आकसत जाते. हवा पोटात जात नाही, म्हणून ओकणं कमी होतं. आज आधी हेच वापरून बघा. नाहीच जमलं तर ती दुसरी. दूध कोमट पाण्यात ठेवून गरम करा. आणि मावशी, आजपासून ती जुनी नको. नक्की?"

"नक्की."

"उद्या वजन आहे तिचं. वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालू म्हणालेत डॉक्टर." एवढं बोलून तिनं मुंगीच्या टाळूवर ओठ टेकले आणि ती वळून न बघता गेली.

दारात ती ढोल्याला जवळजवळ धडकलीच. ढोल्या म्हणजे गावभर नळ दुरुस्त करत हिंडणारा एक लांबसडक, काटकुळा माणूस. तान्हा असताना तो याच पाळणाघरात होता, तेव्हा त्याच्या मांड्यांना तीन तीन वळ्या पडत, त्यावरून मावशींनी ठेवलेलं नाव. आता त्याची मुलगी इथे होती.

"उकळमावशी, बाटल्या नीट उकळा हं!" तो दारातूनच ओरडला. "तुमच्या उकळीवरच वाढलोय मी. हिलाही तसंच वाढवा."

"तसंच नको. जरा मांस चढू दे तिच्या अंगावर," मावशी म्हणाल्या. तो हसत गेला.

मग त्यांनी नव्या वस्तू पातेल्यात सोडल्या. बाटली, बुचं, नळकांडं. शेवटी पातळ पिशव्याही. मुलाच्या तोंडाशी जाणारी कुठलीच गोष्ट त्यांच्या हातून न उकळता गेली नव्हती, आणि कुणी नको असं सांगितलंही नव्हतं.

मुंगी भुकेनं कुरकुरायला लागली, तेव्हा मावशींनी आईनं काढून दिलेलं दूध कोमट केलं. बर्फाच्या डब्यातून आलेली ती एकच छोटी कुपी होती, दिवसभराची. पिशवी नळकांड्यात बसवली. किंचित सुरकुतलेली वाटली, पण भोक कुठे दिसत नव्हतं. त्यांनी निम्मं दूध ओतलं, बूच फिरवलं आणि बाटली उलटी केली.

पिशवीची शिवण उसवावी तशी कड सुटली. दूध मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि फरशीवर सांडलं.

"अगं बाई!" स्वयंपाकघरातल्या काकू धावत आल्या. "त्या पिशव्या उकळल्यास? धन्य आहे तुझी! तुझ्यापुढे देव आला तरी आधी पातेल्यात घालशील."

मावशी फरशीवरच्या दुधाकडे बघत होत्या. ते पुसायला फडकं घ्यायचं, एवढंही त्यांना सुचत नव्हतं.

उरलेलं दूध त्यांनी पाच आकड्याच्या बाटलीत भरलं. मुंगीनं बूच तोंडात घेतलं, जिभेनं चाचपलं आणि बाहेर ढकललं. पुन्हा दिलं. पुन्हा ढकललं. पाठीची कमान करून ती रडायला लागली. मावशींनी जुन्या बाटलीचं मऊ बूच नवीला बसवून पाहिलं. नवीचं तोंड रुंद होतं, बूच आत पडलं. मुंगीचा आवाज बसत चालला. शेवटी तिचं तोंड नुसतंच उघडत होतं.

काकूंनी पिवळ्या दोऱ्याची बाटली आणून पुढे धरली. "घे ही. बघता बघता पिईल. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? आजवर असल्याच बाटल्यांतून पाजलंस ना सगळ्यांना?"

मावशींनी बाटली हातात घेतली. हाताला तिचं वजन ओळखीचं होतं. काकूंचं म्हणणं वेड्यासारखं नव्हतं. उपाशी राहण्यापेक्षा जुनी बाटली बरी, हे कुणीही सांगितलं असतं. आईला कळलंही नसतं. त्यांनी बाटली उजेडात धरली, सकाळी तिनं धरली होती तशी. आतल्या बाजूला बारीक बारीक चऱ्यांचं जाळं होतं. ते त्यांच्याच ब्रशनं पडलेलं होतं. हा धुरकटपणा त्यांच्याच पातेल्यातला होता.

"वाटी दे," त्या म्हणाल्या. "आणि तो लहान चमचा. हो, उकळलेला. स्टीलचा आहे, त्याला काही होत नाही."

"चमच्यानं? एवढासा जीव! ठसका लागेल."

"मग तू बाकीची पोरं बघ आणि मला घाई करू नकोस."

त्यांनी मुंगीला मांडीवर उभी धरली, मानेमागे तळहात दिला. चमच्याची कड खालच्या ओठाला टेकवली आणि थांबल्या. ओतलं नाही. मुंगीनं हुंदका गिळला. मग जीभ बाहेर आली, दुधाला लागली, आत गेली. मावशी पुन्हा थांबल्या. दुसऱ्या वेळी थेंब हनुवटीवरून ओघळला. तिसऱ्या वेळी ठसका लागला, आणि त्यांचा स्वतःचा श्वास अडकला. मुंगी निळी पडत नाहीये, रडतेय, हे कळल्यावरच तो सुटला.

बाई दारात आल्या. "मावशी, आत सगळी रडताहेत."

"रडू द्या, बाई. रडतात म्हणजे त्यांच्या अंगात ताकद आहे."

मग बाईंनीच एक मूल कडेवर घेतलं आणि निघून गेल्या. मावशींचा पाय बधिर झाला, तरी त्यांनी मांडी मोडली नाही. वाटीचा तळ दिसला तेव्हा मुंगी त्यांच्या दंडावर तोंड उघडं टाकून झोपली होती.

संध्याकाळी मुंगीची आई आली तेव्हा मावशींनी आधी सांडलेलं दूध सांगितलं आणि मग प्यालेलं.

"पिशव्या उकळल्यात?" ती म्हणाली. तिचा चेहरा कसनुसा झाला. "त्या आधीच निर्जंतुक असतात. मी सांगायला हवं होतं. पिशवी कुणी उकळेल, असं मनातच आलं नाही माझ्या."

"उकळमावशी उकळणारच." मावशी हसल्या नाहीत. "ताई, सकाळी तुम्ही 'आणि' म्हणालात आणि पातेल्याकडे बघितलंत. मग बोलला नाहीत."

मुंगीच्या आईनं बाळाला खांद्यावर घेतलं. तिला उत्तर टाळता आलं असतं.

"उकळल्यानं ते जास्त सुटतं," ती हळू म्हणाली. "त्या जुन्या जातीतून. पण मावशी, किती उतरलं, त्यानं कुणाला काही झालं का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बहुतेकांना काहीच झालं नसेल. आणि न उकळता पाजलं असतं तर पोटं बिघडली असती, हेही खरंच आहे."

"म्हणजे मी जितकी काळजी घेतली तितकं..."

"तसं नका म्हणू."

"तसंच आहे ना पण?"

तिनं मावशींच्या दंडावर हात ठेवला, नव्या बाटलीची पिशवी ओट्यावरच राहू दिली आणि ती गेली.

मावशींनी ओट्यावरच्या जुन्या बाटल्यांचे दोरे एकेक करून सोडले. लाल, निळा, हिरवा, पिवळा. दोरे पदराच्या टोकाला बांधले. बाटल्या कचऱ्याच्या पोत्यात टाकल्या. कुठलीच फुटली नाही, नुसत्या टणटण वाजल्या.

"चला हो, आमचं रत्न द्या!" दारात ढोल्या उभा होता, खांद्याला हत्यारांची पिशवी. मावशींनी त्याची मुलगी आणून दिली. पण त्या दारातून हलल्या नाहीत. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. डोळे, दात, हाडं निघालेली मनगटं, लांबच लांब पाय.

"काय बघताय? तोंडाला ग्रीस लागलंय का?"

"तब्येत बरी असते ना रे तुझी?"

"मला काय धाड भरलीय?" तो हसला. "बाटली उकळून पाजलीय तुम्ही. विसरलात?"

"नाही," मावशी म्हणाल्या.

तो मुलीला खांद्यावर बसवून निघाला. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या त्याची चाल बघत उभ्या राहिल्या.